खडावांवरचे मोजे

ठाण्याच्या कचेरीतले कारकून हरिहरपंत मोजे विणतात, ही गोष्ट नौपाड्यात फक्त दोघांना ठाऊक होती: एक त्यांची बायको मालनबाई, आणि दुसरी त्यांची छत्री. बायकोने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि छत्रीच्या चार काड्या काढून पंतांनी त्यांच्याच सुया केल्या होत्या. त्या काळी पुरुषाने विणायचं ते कोळ्याने जाळं नाहीतर बुरुडाने सूप. डोक्यावर पगडी आणि कानावर बोरू असलेल्या माणसाने मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसणं म्हणजे अब्रूची होळी. म्हणून पंत दार लावून विणत. वरती बायकोला सांगत, "कोणी आलं तर म्हणावं, पंत संध्या करताहेत." दिवसातून चारदा संध्या करणारा हा कारकून कोणत्या शाखेचा, असा प्रश्न शेजाऱ्यांना पडू लागला होता.

ही विद्या पंतांना कोणी शिकवली नव्हती. त्यांनी ती चोरली होती, आणि या चोरीचा त्यांना भारी अभिमान होता. झालं असं, की असिस्टंट कलेक्टरसाहेबाच्या बंगल्यावर कागद सहीला न्यायचं काम पंतांकडे. साहेब आत, पंत व्हरांड्यात उभे, आणि समोर वेताच्या खुर्चीत साहेबाची मडम मोजा विणतेय. साहेब एका सहीला इतका वेळ लावी की तेवढ्यात मडमेचा मोजा दोन बोटं वाढलेला असे. साहेब आळशी निघाला म्हणून पंतांचं शिक्षण पुरं झालं, एरवी अर्धवटच राहिलं असतं. फक्त टाच वळवायची वेळ आली की मडम नेमकी आत चहाला जाई. ती टाच पंतांनी स्वतःच्या अकलेने वळवली. पहिली टाच घोट्यावर आली, दुसरी तळव्याखाली गेली. पण अखेर जिथे देवाने माणसाला टाच दिली आहे तिथेच मोज्यालाही आली, तेव्हा पंतांनी देवापुढे साखर ठेवली.

एवढं सगळं गुपित होतं ते दिवाळीत कल्याणला फुटलं, आणि फोडलं ते खुद्द पंतांनीच.

कल्याण म्हणजे पंतांची सासुरवाडी. सासरे म्हणजे भाऊ. भाऊ कोर्टातले पेन्शनर नाझर. आवाज खणखणीत, स्वभाव तिखट, आणि तोंडातून कौतुकाचा शब्द काढायचा म्हणजे जणू दाढ काढायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण "जावईबापू, छान केलंत" एवढं काही पंतांच्या कानी पडलं नव्हतं. त्या दिवाळीत पंतांनी हौसेने आकाशदिवा केला. तो वर चढवला, आणि भाऊ खालून जात असतानाच तो त्यांच्या शेंडीवर उतरला. भाऊंनी शेंडीतली कागदाची चिंधी काढली आणि ओट्यावरच्या चार लोकांसमोर म्हणाले, "जावईबापू, तुम्ही लेखणीच चालवा. देवाने तुम्हाला हात दिलेत ते कागदापुरते."

ओटा खो खो हसला. मालनबाई दाराआड उभ्या होत्या, त्यांनी खाली पाहिलं. ते पाहून पंतांच्या मस्तकात काहीतरी चढलं. ते म्हणाले, "भाऊ, तुमच्या पायांना थंडीत भेगा पडतात. दत्तजयंतीला या पायांत माझ्या हातचे लोकरीचे मोजे असतील."

"तुमच्या हातचे?" भाऊंनी भुवया चढवल्या. "असं झालं, तर मी याच ओट्यावर बसून चार लोकांत सांगेन, जावई गुणी मिळाला म्हणून."

ओटा पुन्हा हसला. पण शब्द गेला तो गेला. पंतांना आता मोजे विणणं भाग होतं, आणि खरं सांगायचं तर मोज्यांची नव्हे, त्या एका वाक्याची भूक होती.

दत्तजयंती नेमकी नाताळच्या सुट्टीत आली. पंतांचा एक मोजा पुरा झाला होता, दुसऱ्याची टाच वळली होती. उरलेलं प्रवासात होईल असा हिशेब. पण आगगाडीत विणायचं कसं? सुट्टीच्या दिवशी गाडीत निम्मी कचेरी भेटणार. पंतांनी विचार केला आणि जाहीर केलं, "यंदा खाडीने जाऊ. मचव्यातली हवा प्रकृतीला उत्तम."

"तुमच्या प्रकृतीला काय झालंय?" मालनबाईंनी विचारलं.

"काही होऊ नये म्हणूनच," पंत म्हणाले.

तर सकाळी दोघं चेंदणीच्या बंदरावर आली. मचव्याचा तांडेल काळुराम. आत तांदळाची पोती, आणि पोत्यांवर बसल्या होत्या रखमाकाकू. भाऊंच्याच गल्लीतल्या या सोवळ्या बाई, लाल आलवण, हात गोमुखीच्या पिशवीत घालून जप चाललेला. त्या जपत कमी आणि बघत जास्त असत. त्यांचं पंतांना एवढं भय नव्हतं. पण मचवा सुटेना, कारण काळुराम आणखी एका उतारूची वाट पाहत होता. पुष्कळ वेळाने तो उतारू आला, डोक्यावर लाकडी पाळणा घेऊन. पाळण्याखाली चेहरा होता विश्रामरावांचा, कचेरीतल्या नकलनविसाचा. त्या माणसाला एक गोष्ट सांगितली की तिच्या दहा नकला संध्याकाळपर्यंत गावभर.

"अरे वा, पंत! मी म्हटलं, लेकीला पाळणा न्यायचाय, गाडीत चढवू देत नाहीत. तुम्ही का बरं खाडीने?"

"प्रकृती," पंत म्हणाले.

मचवा सुटला. पंत बराच वेळ हात बांधून बसले, पण दुसरा मोजा पिशवीत तसाच, आणि सूर्यास्ताला दत्तजन्म. इकडे अब्रू, तिकडे भाऊंचं वाक्य. पारसिकचा डोंगर मागे पडला तेव्हा वाक्याने अब्रूवर मात केली. पंतांनी सुया बाहेर काढल्या.

रखमाकाकूंचा जप थांबला. विश्रामरावांनी उपरण्याने चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि पंतांकडे अशा नजरेने पाहिलं, की नकला करायला बसलेच म्हणून समजा. मालनबाई लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन पाण्याकडे बघत राहिल्या. आपण या गृहस्थांना ओळखत नाही असा त्यांचा चेहरा होता, पण गुंडा मात्र त्या नीट उलगडून देत होत्या.

मग सल्ले सुरू झाले. फुकटचा सल्ला द्यायला आपला माणूस बुडत्या नावेतही तयार असतो. काळुराम सुकाणू सोडून जवळ आला. "पंत, जाल्याचा डोला लय बारीक धरलाव. यातनं पानी कसा निंगल?" पंतांनी सांगितलं, की यात मासे धरायचे नाहीत. "तरी पन डोला मोठा धरा," तो म्हणाला, "काम लवकर आटपंल." विश्रामरावांचं म्हणणं, सुया चार नव्हे, तीनच हव्यात. त्यांनी जन्मात सुई धरली नव्हती, पण मत ठाम होतं.

रखमाकाकूंनी वेगळाच मुद्दा काढला. "लोकर कोणाची?"

"मेंढीची," पंत म्हणाले.

"ते कळलं. आणली कोणाकडून? त्या मडमेकडून नाही ना?"

"मुंबईहून, काकू. आपल्या दुकानातून. आणि आंघोळ केल्याशिवाय मी सुईला हात लावलेला नाही." हे खरं होतं. भाऊ ते मोजे पूजेला घालणार म्हणून पंतांनी ऐन थंडीत, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आधी आंघोळ आणि मग विणकाम असा नेम पाळला होता. काकूंची मान हलली. "मग हरकत नाही. लोकर सोवळीच. पूजेला लोकरीची धाबळी चालते तर मोजा का नाही चालणार?"

पंतांची छाती फुगली. त्यांनी पिशवीतून पुरा झालेला मोजा काढला आणि सर्वांच्या हातून फिरवला. माप कसं घेतलं तेही सांगितलं. दिवाळीत भाऊ झोपले असताना त्यांच्या खडावा कागदावर ठेवून कोळशाने रेघ ओढली, खडाव पायापेक्षा मोठी असते म्हणून दोन बोटं कमी धरली. कागदही दाखवला. खुंटीच्या जागी त्यावर एक सुबक टिंबसुद्धा होतं.

रखमाकाकूंनी मोजा हातात घेतला, आत मूठ घातली, पालथा केला, उलथा केला. "सुरेख आहे हो," त्या म्हणाल्या. "पण खुंटी कुठून जाणार?"

"कसली खुंटी?"

"अहो, खडावेची! पालखीपुढे भाऊ दत्ताच्या पादुका डोक्यावर घेऊन देवळाला प्रदक्षिणा घालतो ती खडावा घालूनच ना? खडावेला पट्टा ना बंद. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात खुंटी धरायची, तेव्हा ती पायात राहते. हा मोजा घातला की बोटं सगळी एका पोत्यात. भाऊ पहिल्याच पावलाला पादुकांसकट पालथा!"

पंतांनी कागदावरच्या टिंबाकडे पाहिलं. टिंब अगदी बरोबर जागी होतं. त्याचं करायचं काय, एवढाच विचार राहून गेला होता. मडमेच्या व्हरांड्यात उभं राहून जे काही शिकता येतं ते सगळं पंत शिकले होते. पण साहेब काही खडावा घालत नव्हता.

"कात्रीने भोक पाडा," विश्रामराव म्हणाले.

"विश्रामराव, तुम्ही तोंड मिटा!" पंत कडाडले. कचेरीत ज्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, त्या पंतांचा हा आवाज ऐकून काळुरामसुद्धा सुकाणूवर परत गेला. पण लगेच पंतांचा चेहराच उतरला. भर सूर्यप्रकाशात ते छत्री उघडून तिच्याआड बसले. तिच्या चार काड्या मोज्यात गुंतलेल्या, त्यामुळे छत्रीची एक बाजू त्यांच्या नाकावर लोंबू लागली.

चारचौघांत नवऱ्याशी बोलायची तेव्हा रीत नव्हती. पण छत्रीखालून एक खोल सुस्कारा ऐकू आला तशी मालनबाईंनी रीत गुंडाळून ठेवली. "अहो, काकूंच्या गोमुखीकडे बघा जरा. हात आत आहे, पण तर्जनीला वाट निराळी आहे की नाही? तसं अंगठ्याला निराळं घर करा."

छत्री मिटली. पंतांनी गोमुखीकडे पाहिलं, काकूंच्या तर्जनीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. पुढे आयुष्यभर ही कल्पना आपल्यालाच सुचली असं ते सांगत. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे विश्रामरावांनी पाहिलं आहे.

मग पंतांनी पुरा झालेला मोजा टोकाकडून उसवायला घेतला. स्वतःच्या हाताने विणलेलं उसवताना जे वाटतं ते विणणाऱ्यालाच ठाऊक. टाके वाटून घेतले, थोडे अंगठ्याला, बाकीचे चार बोटांना. दोन निराळी घरं, मध्ये फट. भराभर हात चालले. अंगठा तयार झाला तेव्हा त्यांनी तो स्वतःच्या अंगठ्यावर चढवून सर्वांना दाखवला, आणि मचव्यात खराखुरा जयजयकार झाला. काळुरामही सुकाणू सोडून बघायला धावला.

नेमकं तेव्हाच मचव्याने खालून 'फस्स' असा आवाज केला आणि तो उभा राहिला.

डोंबिवलीसमोरचा गाळ तो. भरती सरून ओहोटी लागली होती, पाळण्यापायी सकाळी उशीर झालेला, आणि तांडेल मोज्याचा अंगठा बघण्यात दंग. "आता पानी रातच्याला येल," काळुराम शांतपणे म्हणाला. त्याला रात्री जायला हरकत नव्हती. दूरवरून शिटी ऐकू आली. कल्याणची गाडी धूर सोडत, खिडक्यांतून निम्मी कचेरी घेऊन, दिमाखात निघून गेली.

"ती गेली बघा," विश्रामराव म्हणाले. जे सगळ्यांना दिसतंय ते मोठ्याने सांगायची त्यांना सवयच होती.

आता गाळातून काठावर चालत जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रखमाकाकू म्हणाल्या, मेले तरी चिखलाला पाय लावणार नाही. शेवटी पाळण्यात त्यांना बसवलं. काळुराम एकीकडून, त्याचा गडी दुसरीकडून, आणि मध्ये काकू जप करीत, आदळल्या की जप मोठ्याने करीत. मागे विश्रामराव "पाळणा सांभाळा हो, नवा आहे!" असं ओरडत. त्यांच्या मागे मालनबाई, लुगडं खोचून, पदरात गुंडा. आणि सर्वांत शेवटी पंत, दोन्ही हातांनी मोजे डोक्यावर धरून.

अर्ध्या वाटेत पंतांचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि पगडी पुढे झुकली. हात मोकळा करावा तर मोजे चिखलात. न करावा तर पगडी. आता पगडी म्हणजे काय ते त्या काळच्या माणसाला विचारा. पगडीवाचून माणूस घराबाहेर पडत नसे. बोडक्या डोक्याने रस्त्यात दिसला की लोक समजायचे, घरात कोणीतरी गेलं. पंतांच्या वडिलांनी ती पगडी त्यांच्या डोक्यावर ठेवली होती. पंतांनी ती जाताना पाहिली. गाळात तिची लाल कोर क्षणभर दिसली, मग नाही. मोजे वरच्या वर होते.

काठावर भाताचा पेंढा नेणारा एक गाडा मिळाला. ठाकुर्लीच्या शेतांतून तो खडखडत चालला आणि पंत विणत राहिले. प्रत्येक दचक्याला एक टाका सुटे, प्रत्येक सुटल्या टाक्याला पंत एका देवाचं नाव घेत. कल्याणच्या वेशीवर गाड्याचा बैल बसला तो उठेचना. मग सगळे पायी निघाले. चालता चालता विणायचं तर गुंडा मोकळा हवा, म्हणून मालनबाई गुंडा घेऊन पुढे आणि लोकरीच्या धाग्यामागे पंत. नवरा पुढे आणि बायको मागे ही बाजारपेठेतली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत त्या दिवशी उलटी झाली. दुकानदार वजनं हातात धरून बघत राहिले. एरवी पंत शरमेने मेले असते. पण पायाची लांबी पुरी होत आली होती, अंगठ्याचे टाके वेगळे काढले होते, आणि त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं.

भाऊंच्या घरी सगळी तयारी झाली होती. दारात माणसं जमलेली. आणि त्यांनी पाहिलं काय, तर घरची लेक चिखलाने माखून लगबगीने येतेय, मागे जावई बोडक्या डोक्याने, आणि त्याच्या मागे रखमाकाकू कंबर धरून "अरे देवा, अरे देवा" करताहेत. कंबर पाळण्याने धरली होती, पण ते कोणाला ठाऊक? आतल्या बायकांनी एकदम गळा काढला. कोणी गेलं म्हणजे सुतक, आणि सुतक म्हणजे दत्तजन्माला देवाला शिवायचं नाही!

भाऊ खडावा खडखडवत बाहेर आले. चेहरा पांढरा पडलेला. "मालू, कोण गेलं?"

"कोणी नाही हो भाऊ!" मालनबाई धापा टाकत म्हणाल्या. "ह्यांची पगडी गेली. मोजे वाचवायला चिखलात सोडली."

रडणं जसं सुरू झालं होतं तसं थांबलं. भाऊंनी जावयाच्या बोडक्या डोक्याकडे पाहिलं, मग हातांकडे. पंतांनी मान वर केली नाही. ते म्हणाले, "भाऊ, अंगठ्याचे चार फेरे राहिलेत. सूर्य आहे अजून."

भाऊ उभ्या जन्मात कोणासाठी थांबले नव्हते. ते ओट्यावर बसले. गुरुजी घाई करू लागले तेव्हा भाऊंनी नुसता हात वर केला. सगळी गल्ली पंतांची बोटं बघत राहिली. शेवटचा टाका ओढला, मालनबाईंनी दातांनी धागा तोडला, आणि पंतांनी खाली बसून आपल्या हाताने सासऱ्याच्या पायांत मोजे चढवले. लग्नात भाऊंनी याच जावयाचे पाय धुतले होते. आज पंत त्यांच्या पायांशी बसले होते, आणि त्यांना त्यात जरासुद्धा कमीपणा वाटला नाही. खडाव पुढे सरकवली. खुंटी फटीत गेली, अंगठ्याने एका बाजूने धरली, बोटाने दुसऱ्या. जणू तिथेच जन्मली होती.

भाऊंनी पादुका डोक्यावर घेतल्या. प्रदक्षिणा झाल्या. पाऊल एकदाही चुकलं नाही. देवळात कोणीतरी विचारलं, "भाऊ, मोजे मुंबईहून आणवले का?" भाऊ तोंडाने दत्तनाम घेत होते, त्यांनी नुसता हुंकार दिला आणि पुढे गेले.

बस्स. प्रसाद झाला, जेवणं झाली, भाऊंनी मोज्यांविषयी चकार शब्द काढला नाही. पंत चार घास खाऊन उठले. "हुंकार दिला," ते मालनबाईंना म्हणाले. "मुंबईहून का, तर म्हणे हूं! माझी पगडी गेली, कचेरीत तोंड दाखवायला जागा उरली नाही, आणि म्हणे हूं!" मालनबाईंनी समजूत घातली, पण पंत भिंतीकडे तोंड करून निजले.

सकाळी त्यांना जाग आली ती बाहेरच्या खणखणीत आवाजाने. माजघरातून ओट्यावर जायचं दार लोटलेलं होतं. पंतांनी फटीतून पाहिलं. उन्हात भाऊ बसलेले, दोन्ही पाय समोर पसरलेले, पायांत मोजे. समोर शेजारचे वैद्यबुवा.

"हात लावून बघा," भाऊ म्हणत होते. "ऊब बघा. मुंबईचे? मुंबईत कोणाच्या बापाला जमणार आहेत! आमच्या जावयाने विणलेत. ही खुंटीची जागा पाहिलीत? विलायतेत अशी अक्कल नाही. पगडी गाळात टाकली पण मोज्याला डाग लागू दिला नाही. अहो, नाझर म्हणून मी जन्मभर माणसं पाहिली, असं गुणी माणूस घरात असून मला दिसलं नाही. रात्री सांगणार होतो, पण गळा दाटला, बोलवेना."

वैद्यबुवा गेले, पाणी भरून परतणारे जोशी आले. भाऊंनी पाय पुन्हा पुढे केले. "हात लावून बघा..." या खेपेला चिखल कमरेपर्यंत आला होता. तिसऱ्या माणसापर्यंत तो गळ्याला लागला आणि पंत पोहून आले.

मालनबाई दुधाचा पेला घेऊन आल्या, तर नवरा दाराआड भिंतीला टेकून उभा, डोळे वाहताहेत आणि चेहरा हसतोय. "अहो, इथे काय उभे? बाहेर जा ना. भाऊ तुमचीच वाट बघताहेत!"

पंतांनी ओठांवर बोट ठेवलं आणि फटीतून पुन्हा डोकावले.

"थांब गं जरा. समोरून आणखी कोणीतरी येतंय."